पन्नासपर्यंत घडाघडा म्हणते, पण सहा बिस्किटं मोजून देता येत नाहीत

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी साडेचार वर्षांची आहे, इंग्रजी माध्यमात ज्युनिअर केजीला जाते. घरी सगळे मराठी बोलतात. ए टू झेड पाठ आहे, वन टू फिफ्टी न अडखळता म्हणते, पण "सहा बिस्किटं दे" म्हटलं की मूठभर उचलून देते. मराठी अक्षरं अजून ओळखत नाही. 'ळ'ला 'ल' म्हणते. शाळेतल्या मॅडमचं म्हणणं, घरी इंग्रजी बोला आणि रोज एक पान लिहून घ्या. सासूबाईंचं म्हणणं, बाराखडी पाठ करून घ्या. आता कोणाचं ऐकायचं?

बालवाडीतल्या मुलांसोबत आणि त्यांना शिकवणाऱ्या ताईंसोबत माझं बरंच आयुष्य गेलं आहे. हाच प्रश्न थोडाफार बदलून वर्षभर कानावर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सुरुवात बिस्किटांपासून करू, कारण बाकीच्या गोष्टींचं मूळही तिथंच सापडेल.

पन्नासपर्यंत आकडे म्हणणं हे स्तोत्र म्हणण्यासारखं आहे. ते वाईट नाही. आकड्यांचा क्रम पक्का असल्याशिवाय मोजता येत नाही. पण क्रम येणं म्हणजे मोजणं नव्हे. मोजताना मुलाला एकाच वेळी तीन व्यवधानं सांभाळावी लागतात. एका वस्तूला एकच आकडा द्यायचा, कुठलीही वस्तू गाळायची नाही की दोनदा धरायची नाही, आणि शेवटी उच्चारलेला आकडा हा त्या शेवटच्या बिस्किटाचा नसून सगळ्या ढिगाचा आहे हे समजून घ्यायचं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. आपल्याला ती इतकी सरावाची झालेली असते की त्यात काही शिकण्यासारखं आहे हेच लक्षात येत नाही.

कुठल्याही अंगणवाडीत जाऊन बघा. चार वर्षांच्या मुलापुढे भुईमुगाच्या पाच शेंगा ठेवा आणि मोजायला सांगा. बोट टेकवत नीट मोजेल, "एक, दोन, तीन, चार, पाच." मग विचारा, "किती शेंगा आहेत?" ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. परत विचारा, परत मोजतं. तिसऱ्यांदा विचारलंत तर तुमच्या चेहऱ्याकडे बघतं, या बाईंना नक्की काय हवंय! त्याच्या हिशेबी 'किती' या प्रश्नाचं उत्तर म्हणजे बोट टेकवत म्हणण्याचा तो सगळा खेळ. 'पाच' हे उत्तर असतं हे त्याला अजून उमगलेलं नाही.

याचा नीट अभ्यास झालेला आहे. १९९० च्या सुमारास कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांना "मला इतक्या वस्तू दे" असं सांगून पाहिलं. दिसलं ते असं, की मुलांना आधी फक्त 'एक'चा अर्थ कळतो. 'एक दे' म्हटलं की एक देतात, त्यापुढचं काहीही मागा, मूठ भरून देतात. काही महिन्यांनी 'दोन' कळतं, आणखी काही महिन्यांनी 'तीन'. मग कधीतरी एकदम मोजण्याचं मर्मच सापडतं, आणि पुढचे आकडे एकेक करून शिकावे लागत नाहीत. बरीच मुलं साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान इथं पोचतात, काही थोडी उशिरा. तुमची लेक फार मागे नाही. ती कुठल्या पायरीवर आहे एवढं मात्र बघून घ्या. परीक्षेचा आव न आणता, भातुकलीत, "बाहुलीला दोन दे, आता अस्वलाला तीन दे, आता चार." जिथं मूठ सुरू होते ती तिची हद्द. तीनपर्यंत बरोबर देत असेल तर पन्नास, शंभर सोडून द्या आणि चार-पाचवर रेंगाळा.

घरात करायचं ते साधं आहे. आधी संख्या सांगा, मग मोजा. "हे बघ, चार बटाटे. एक, दोन, तीन, चार." नुसतं मोजत गेलं तर शेवटचा आकडा हवेत राहतो. आधी एकूण सांगून मग मोजलं तर दोन्हींचा सांधा जुळतो. जेवायची ताटं तिला मांडू द्या. "आज आत्या पण आहे. किती वाट्या लागतील? आण." एक वाटी कमी पडली तर लगेच सांगू नका. आत्याच्या ताटात वाटी नाही हे तिचं तिलाच दिसेल, आणि ती उठून एक आणेल. 'एक अधिक' म्हणजे काय हे तिथं कळतं, वहीत नंतर. कुकरच्या शिट्ट्या, जिन्याच्या पायऱ्या, देवाजवळ ठेवायची फुलं, सगळं चालतं. सागरगोटे खेळणारी आजी घरात असेल तर फारच उत्तम. वर उडवलेला सागरगोटा खाली येईपर्यंत दोन उचलायचे की तीन, हा निर्णय डोळा मोजल्याशिवाय घेतो. तीन-चारपर्यंतच्या वस्तू नजरेतच ओळखणं हीसुद्धा संख्येची पायाभूत जाण आहे.

सापशिडीबद्दल थोडं. पालक हौसेने आणतात, पण शंभर घरांचा तो पट दर ओळीला दिशा बदलतो, आणि साडेचार वर्षांचं मूल त्यात हरवतं. त्यापेक्षा पुठ्ठ्याची एक सरळ पट्टी कापा, डावीकडून उजवीकडे १ ते १० घरं आखा, दोन बटणांच्या सोंगट्या करा आणि एक किंवा दोन एवढंच दान पडेल असा फासा घ्या. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ च्या सुमारास अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांबरोबर असाच खेळ घेतला. पंधरा-पंधरा मिनिटांच्या मोजक्या बैठका, त्याही दोन आठवड्यांत. तेवढ्यानेही मुलांची संख्यांची समज वाढली. यात एक खुबी आहे आणि ती पाळायलाच हवी. सोंगटी चारच्या घरात असेल आणि दान दोन पडलं, तर "एक, दोन" म्हणत पुढे जायचं नाही, "पाच, सहा" म्हणत जायचं. पहिल्या पद्धतीत मूल फासा मोजतं, दुसऱ्या पद्धतीत संख्यारेषेवर चालतं.

मोजायचं मराठीत की इंग्रजीत? घरी मराठीत मोजा. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांच्या अभ्यासातून असं दिसतं की 'तीन' आणि 'थ्री' यांसारख्या छोट्या आकड्यांचे अर्थ मूल प्रत्येक भाषेत वेगळे शिकतं. पण मोजण्याचं मर्म एका भाषेत सापडलं की दुसरीत ते पुन्हा शोधावं लागत नाही. ते जिथं जास्त बोलणं, जास्त मोजणं होतं तिथं आधी सापडतं, म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात.

वीसच्या पुढे मराठी आकडे कठीण आहेत, हे मात्र खरं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. 'पंचवीस' ऐकताना पाच आधी ऐकू येतो, वीस नंतर. मूल ऐकल्याबरहुकूम लिहितं, ५२. याला आपण गोंधळ म्हणतो, खरं तर ते प्रामाणिकपणे ऐकलेलं असतं. एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी, एकोणचाळीस तसंच, एकोणनव्वदही तसंच, आणि मग अचानक नव्याण्णव! कानडी, तेलुगू मुलांना ही कसरत नाही, त्यांच्याकडे दशक आधी आणि एकक नंतर. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गहजब झाला होता, आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, जोडीला सोपी रीत दिली आहे. माझं मत त्यांच्याच बाजूचं आहे. लेक त्या टप्प्यावर येईल तेव्हा, म्हणजे पहिली-दुसरीत, "पंचवीस म्हणजे वीस आणि पाच" असं दोन्ही सांगा, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे करून दाखवा. आत्ता त्याची गरज नाही. आत्ता दहाच्या आतलं जग पुरे मोठं आहे.

आता घरच्या भाषेकडे येते. घरी इंग्रजी बोला, हा सल्ला मॅडमनी चांगल्या हेतूनेच दिला असणार. वर्गात मूल गप्प बसतं, त्यांनाही वरून दडपण असतं. तरीही तो मानू नका.

कारण असं. आपल्यातले बहुतेक जण इंग्रजी बोलायला लागले की मुलाशी काय बोलतात ते एक दिवस कान देऊन ऐका. "बेबी, शूज वेअर कर. हँड वॉश कर. फास्ट फास्ट ईट कर. डॉगी बघ, टच नको करू." हे इंग्रजीही नाही आणि मराठीही नाही, नुसते हुकूम आहेत. त्यात 'कारण' नाही, 'म्हणून' नाही, 'समजा' नाही, 'नाहीतर' नाही. आणि चार ते सहा या वयात भाषेची खरी वाढ याच शब्दांच्या आधाराने होत असते. दोनतीन वर्षांचं मूल वस्तूंची नावं गोळा करतं. साडेचारचं मूल घडलेल्या गोष्टी एकमेकींना जोडायला शिकत असतं. काल काय झालं, का झालं, तसं झालं नसतं तर काय झालं असतं. पुढे तिसरी-चौथीत उताऱ्याचं आकलन म्हणून जे तपासलं जातं, ते हेच.

शब्दांचंही तेच. स्वयंपाकघरात एका सकाळी आपण मेथी खुडतो, कांदा चिरतो, गाजर किसतो, मटार सोलतो, लसूण ठेचतो, दाण्याचं कूट कुटतो. प्रत्येक शब्दामागे वेगळी हालचाल, वेगळं हत्यार, वेगळा आवाज. हे सगळं 'कट कर' आणि 'क्रश कर' या दोन डब्यांत कोंबलं की मुलाच्या हाताला फरक कळतो, पण तो सांगायला शब्द नसतो. ज्या मुलाकडे एका भाषेत बारकावे आहेत ते दुसऱ्या भाषेतही बारकावे शोधतं. ज्याच्याकडे दोन्हीत मोजकेच शब्द आहेत त्याची दोन्हीकडे अडचण होते. मुलीने एका वाक्यात दोन भाषा मिसळल्या तर घाबरू नका. दुभाषी घरांत ते सर्रास होतं आणि त्याने डोक्यात गोंधळ होत नाही. तुम्ही तुमची वाक्यं पूर्ण मराठीत बोलत राहा. इंग्रजी शाळेत येईल, गोष्टीच्या पुस्तकांतून येईल, आणि तुम्ही स्वतः ती सहज बोलत असाल तर तुमच्याकडूनही येईल.

शाळेची भाषा आणि घरची भाषा वेगळी असण्याचा प्रश्न इंग्रजी माध्यमापुरताच नाही. मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल किंवा डहाणूकडचं वारली मूल मराठी शाळेत येतं तेव्हा त्याची अवस्था तुमच्या लेकीसारखीच होते, किंबहुना जास्त बिकट, कारण तिच्या घरची भाषा निदान शाळेच्या गेटाबाहेर सगळीकडे ऐकू येते. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. 'अंगणवाडी' ती हीच. शिकवण्यासाठी त्यांनी आणलेली साधनं म्हणजे पानं, बिया, गोटे, शंखशिंपले, म्हणजे मुलांच्या ओळखीच्या वस्तू. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, ती पुढे देशभर पसरली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोचला, पण मूळ विचार या दोघींचा. मूल जे जाणतं आणि ज्या भाषेत जाणतं, तिथून सुरुवात.

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरतो, की सुशिक्षित घरातलं मूल तीन वर्षांचं होईतो तीन कोटी शब्द जास्त ऐकतं, म्हणून मुलांशी अखंड बोला. तो आकडा १९९५ च्या हार्ट आणि रिस्ली यांच्या पुस्तकातला आहे, आणि तो निघाला तो कॅन्सस भागातल्या फक्त ४२ कुटुंबांच्या निरीक्षणातून. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर बरेच आक्षेप घेतले. शब्दांचा मारा करण्यापेक्षा बोलण्याची देवाणघेवाण किती वेळा होते याला जास्त महत्त्व आहे. तुम्ही एक वाक्य बोललात, ती काही बोलली, त्यावर तुम्ही थांबलात, मग पुढचं. टीव्ही आणि मोबाइल यात कमी पडतात, ते उत्तराची वाट पाहत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी : दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, कमी तितकं बरं. कामावरून दमून आलेल्या आईला हे सांगणं सोपं आणि पाळणं कठीण, मला ठाऊक आहे. सगळं जमलं नाही तर निदान जेवताना पडदा बंद ठेवा.

रोज गोष्ट वाचा, पण वाचून दाखवणं म्हणजे पानं संपवणं नाही. चित्रावर थांबा. "या माकडाच्या पाठीमागे कोण लपलंय? का लपलं असेल?" ती म्हणेल, "वाघ." तुम्ही म्हणा, "हो, पट्ट्यांचा वाघ गवतात लपलाय." तिच्या एका शब्दाचं तुम्ही वाक्य केलंत. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तर कुरकुर न करता वाचा. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत दार उघडायला विनवणाऱ्या कावळ्याला चिमणी दर वेळी नवं कारण सांगते, बाळाला अंघोळ घालते, तीट लावते, झोपवते. तिसऱ्या दिवशी मूल तुमच्या आधी पुढचं कारण सांगेल, आठवड्यात स्वतःच्या पदरचं घालेल. आमच्या एका अंगणवाडीतल्या चिमणीने "थांब, माझ्या बाळाचं आधार कार्ड काढते" असंही सांगितलं होतं! गोष्टीचा सांगाडा पक्का झाल्याशिवाय त्यात अशी भर घालता येत नाही.

आता सासूबाईंच्या बाराखडीबद्दल. त्यांचा आग्रह पूर्ण चुकीचा नाही, फक्त क्रम उलटा आहे. वाचनाची तयारी कानापासून होते. शब्द तुकड्यांचा बनलेला असतो हे आधी ऐकू यायला हवं. टाळी वाजवत शब्द म्हणा. टो-पी, दोन टाळ्या. बि-स्कि-ट म्हणताना मूल बहुधा दोनच टाळ्या वाजवेल, बिस्-किट. आणि कमळ म्हणताना क-मळ. तिचं चुकलेलं नाही, तिचा कान बरोबर आहे. आपण बोलतो ते 'कमळ' दोनच ठोक्यांचं आहे, लिहितो मात्र तीन अक्षरं. 'घर' तर एकाच ठोक्यात संपतं. पहिलीतली कितीतरी मुलं 'घ' आणि 'र' दोन्ही बरोबर ओळखतात, पण 'घऽ रऽ' असं वाचून थांबतात, आणि हा शब्द घर आहे हे त्यांना कळत नाही. कारण शेवटच्या अक्षरातला 'अ' बोलताना गळतो हे त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं. 'अ अननसाचा'पासून 'ज्ञ ज्ञानेश्वराचा'पर्यंतचा तक्ता भिंतीवर असतो, पण ही गाळण्याची युक्ती तक्त्यात नाही. ती शब्द वाचतानाच हाताशी येते, म्हणून शब्दांपर्यंत लवकर पोचायला हवं.

त्यासाठी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द, हा जुना रस्ता फार लांबचा आहे. 'ङ' आणि 'ञ' गिरवत बसलेलं मूल शब्द कधी वाचणार? उलट चारच अक्षरं घ्या, क, म, न, ल, आणि एक काना. यातून काका, मामा, नाक, कान, मान, काम, मका, लाल, नाका, काल, कमान एवढे शब्द निघतात. सगळे ओळखीचे. दुसऱ्याच आठवड्यात मूल 'लाल नाक' वाचून खिदळतं. मग दुसरी वेलांटी द्या, काकी आणि मामी येतात. मग पुढची चार अक्षरं. फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेशी जोडलेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवण्याचं जे काम केलं त्याचीही दिशा अशीच होती. काही निवडक अक्षरं, त्यांच्याबरोबरच स्वरचिन्हं, आणि लगेच अर्थपूर्ण शब्द.

यात घाई नको. कन्नड मुलांच्या अक्षरज्ञानावर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की भारतीय लिप्यांतली सगळी अक्षरं, स्वरचिन्हं, जोडाक्षरं पक्की व्हायला तिसरी-चौथीपर्यंतचा काळ लागतो. इंग्रजीची सव्वीस अक्षरं वर्षभरात होतात, आपल्याकडे अक्षररूपं शेकड्यांनी. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, 'सूर्य'मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, म-भ आणि घ-ध एकमेकांसारखे, आणि 'चार केळी'तला च वेगळा, 'गुरांचा चारा'मधला वेगळा. हे सगळं बालवाडीत उरकायचं नसतं. ऱ्हस्व-दीर्घाचं तर नावही काढू नका.

तुमच्या लेकीला मी आत्ता अक्षरं शिकवायला बसवणार नाही. तिचं नाव मराठीत लिहून तिच्या डब्यावर, बाटलीवर, कपाटावर चिकटवा. दुकानाच्या पाट्या वाचून दाखवा, एसटीची पाटी, 'दूध' लिहिलेली पिशवी. शब्दभेंड्या खेळा, 'क'वरून काय काय येतं. तिला उत्सुकता वाटली, "हे कसलं अक्षर?" असं तिनेच विचारलं, की सांगा. पाच-साडेपाचला वर सांगितलेल्या चार अक्षरांपासून सुरुवात करा. इंग्रजी शाळेत असली तरी वाचन आधी मराठीत जमलेलं बरं. 'क'चं नाव आणि उच्चार एकच आहे. इंग्रजीतल्या 'सी'चं नाव एक आणि आवाज कधी 'क' तर कधी 'स'. लिहिलेल्या खुणेतून बोललेला शब्द निघतो, हा शोध मराठीत लवकर लागतो आणि तो पुढे इंग्रजीतही उपयोगी पडतो. शिवाय २०२० च्या कायद्यानंतर राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, तेव्हा ही मेहनत शाळेतही कामी येईल.

रोजचं एक पान लेखन बंद करा, असं मी सरळ सांगते. या वयात मनगटाची हाडं अजून घडत असतात, बोटांत ताकद आलेली नसते. पेन्सिल मुठीत आवळून, जीभ बाहेर काढून पानभर 'थ्री' गिरवणाऱ्या मुलाला थ्रीबद्दल काहीच नवीन कळत नाही, लिहिण्याचा कंटाळा मात्र पक्का होतो. त्या वेळात तिला कणकेचा गोळा द्या, शेंगा सोलू द्या, मणी ओवू द्या, रांगोळीची चिमूट सोडू द्या. चिमटीत पेन्सिल धरायला लागणारी तीच बोटं आहेत. आणि कोरे कागद भरपूर द्या. ती रेघोट्या मारून "मी सामानाची यादी लिहिली" म्हणाली तर "वाचून दाखव" म्हणा. बोललेलं कागदावर उतरतं हे तिला समजलंय. काही महिन्यांनी त्या रेघोट्यांत तिच्या नावातलं एखादं अक्षर दिसायला लागेल, उलटंही असेल, खोडून सरळ करू नका.

मॅडमशी भांडू नका. बरेचदा शिक्षिकांवर पालकांचंच दडपण असतं, वह्या भरलेल्या दिसल्या नाहीत तर फी कशाची घेता असं विचारणारे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानतं, त्यात खेळातून शिकणं अपेक्षित आहे, आणि शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत शिक्षण मातृभाषेतून व्हावं असंही म्हणतं. हे सौम्यपणे त्यांच्या कानावर घाला आणि विचारा, "घरी आम्ही रोज गोष्ट वाचतो आणि मोजण्याचे खेळ घेतो, लेखनाऐवजी ते वहीत लिहून पाठवलं तर चालेल का?" बऱ्याच जणी हो म्हणतात, आणि काही जणी सुटल्यासारखा श्वास घेतात.

राहिला 'ळ'. साडेचारला 'ळ'चा 'ल' होणं, 'र' नीट न येणं, हे चालण्यासारखं आहे, जिभेच्या या जागा बऱ्याच मुलांना उशिरा सापडतात. "ळ म्हण, ळ म्हण" असं तिला पाहुण्यांसमोर म्हणायला लावू नका. ती "कावला आला" म्हणाली की तुम्ही "हो गं, केवढा मोठा कावळा आला!" म्हणा, बास. बघायचं ते दुसरंच. अनोळखी माणसाला तिचं बोलणं बहुतांश समजतं का? चार-पाच शब्दांची वाक्यं करते का? पाठमोरी असताना हलक्या आवाजात हाक मारली तर वळते का? सर्दी झाली की टीव्हीचा आवाज वाढवायला सांगते का? वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं, दुखत नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मूल महिनोन्महिने अर्धवट ऐकत राहतं. यातलं काही खटकलं तर कानाची तपासणी करून घ्या. तिच्या वयाला ती खेळातच होते, कानाला हेडफोन लावतात आणि आवाज आला की एक ठोकळा डब्यात टाकायला सांगतात.

तुमच्या ओळखीत याहून लहान बाळं असतील तर त्यांच्या आईवडिलांना एवढं सांगा. वर्षाचं झालं तरी बोटाने दाखवत नाही, दीड वर्षाचं झालं तरी एकही शब्द नाही, दोन वर्षांचं झालं तरी "दूध दे" असे दोन शब्द जोडत नाही, किंवा कुठल्याही वयात येत असलेलं बोलणं कमी झालं, तर "मुलगे उशिराच बोलतात", "याचे बाबाही उशिरा बोलले होते" म्हणत थांबायचं नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतल्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं (इंग्रजी आद्याक्षरांनी डीईआयसी) आहेत, तिथं पैसे पडत नाहीत. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी कुठे आहे असं विचारलं की दाखवतात. मुंबईत असाल तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, ऐकण्या-बोलण्याच्या तक्रारींचंच काम तिथं चालतं. जाताना मुलाच्या बोलण्याचं मोबाइलवर घेतलेलं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग बरोबर ठेवा, नव्या जागी मुलं तोंड उघडत नाहीत.